चौदा महिन्यांचं प्रजासत्ताक

११ ऑगस्ट १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे दोन अर्ज होते. एक हनोईचा, दुसरा सायगॉनचा. दोघांनाही सदस्यत्व हवं होतं, आणि तेही दोन वेगळे देश म्हणून. सायगॉन पडून तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. गच्चीवरून उडालेल्या हेलिकॉप्टरचा फोटो जगभर छापून झाला होता आणि बहुतेकांच्या लेखी व्हिएतनाम त्याच दिवशी एक झाला होता. इथे मात्र युद्ध जिंकलेलेच दोन खुर्च्या मागत होते.

पंधरापैकी तेरा मतं अर्जांच्या बाजूनं पडली, कोस्टा रिका तटस्थ राहिला, आणि अमेरिकेनं नकाराधिकार वापरला. अमेरिकेच्या वतीनं बसले होते डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन; वर्षाच्या सुरुवातीपर्यंत हेच गृहस्थ दिल्लीत राजदूत होते. दक्षिण कोरियाचा अर्ज तुम्ही चर्चेलासुद्धा घेत नाही, मग हे दोन कसे घेऊ, असा त्यांचा युक्तिवाद. सप्टेंबरअखेर अर्ज पुन्हा आले, पुन्हा नाकारले गेले. दक्षिण व्हिएतनाम हा वेगळा देश आहे हे जगाला पटवण्यासाठी ज्या अमेरिकेनं आपले अठ्ठावन्न हजार सैनिक घालवले, तिनंच वेगळ्या दक्षिण व्हिएतनामला दार बंद करावं, यावर सायगॉनमध्ये कुणी हसलं असेल तर ते मनातल्या मनात.

अर्ज करणाऱ्या त्या देशाचं नाव होतं दक्षिण व्हिएतनाम प्रजासत्ताक, आणि त्याच्या सरकारचं नाव हंगामी क्रांतिकारी सरकार. अमेरिकेच्या पाठबळावर उभं असलेलं व्हिएतनाम प्रजासत्ताक ते हे नव्हे. हे त्याला उलथवायला निघालेलं. जून १९६९मध्ये जंगलात स्थापन झालेलं, २ जुलै १९७६ला विसर्जित झालेलं. त्यातली पहिली सहा वर्षं त्याच्याकडे राजधानी म्हणावं असं शहर नव्हतं. शेवटचे चौदा महिने सायगॉनसकट सगळा मुलूख होता. देश म्हणून त्याची पत होती ती आधीच्या सहा वर्षांत. मुलूख हाती आल्यावर ती दिवसेंदिवस उतरत गेली.

हे असं का झालं, हे समजायला १९५४पर्यंत मागे जावं लागतं. फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानं व्हिएतनाममध्ये सतराव्या अक्षांशावर रेघ ओढली. ती तात्पुरती होती. जुलै १९५६मध्ये सगळ्या देशात निवडणूक व्हायची होती. रेघ जिथे बेन हाय नदीवरून जात होती तिथे हिएन लुआँगचा पूल होता. त्याच्या फळ्या मोजून वाटल्या होत्या: ४५० उत्तरेच्या, ४४४ दक्षिणेच्या, मधोमध पांढरा पट्टा. दक्षिणेनं आपला अर्धा भाग रंगवला की उत्तर आपल्या अर्ध्या भागाला तोच रंग लावायची, कारण पूल एकच आहे हे दाखवायचं होतं. मग दक्षिण रंग बदलायची. दोन्ही काठांवर ध्वजस्तंभांची उंची वाढत गेली, ध्वनिक्षेपकांची संख्याही. या सगळ्यावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग होता त्याचा अध्यक्ष भारत, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी आणि जवान वर्षानुवर्षं तिथे जीपमधून फिरून उल्लंघनांच्या नोंदी करत होते. १९६२च्या विशेष अहवालात भारत आणि कॅनडानं उत्तरेवर माणसं आणि शस्त्रं दक्षिणेत धाडल्याचा ठपका ठेवला, आणि दक्षिणेवर अमेरिकेशी लष्करी संधान बांधल्याचा. दोन्ही पक्षांना अर्धा अहवाल आवडला.

निवडणूक झालीच नाही. दक्षिणेत न्गो दिन्ह झिएमनं ऑक्टोबर १९५५मध्ये सार्वमत घेऊन स्वतःला राष्ट्राध्यक्ष करून घेतलं. ९८ टक्क्यांवर मतं, आणि सायगॉनमध्ये तर मतदारयादीत होते त्याहून दीड लाखांच्या आसपास जास्त. असा माणूस १९५६ची निवडणूक कशाला घेतो? गावोगाव जुन्या फ्रेंचविरोधी लढ्यातल्या कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. त्या लढ्यातल्या व्हिएत मिन्ह संघटनेनं कुळांना वाटलेल्या जमिनींवर जमीनदार सैनिक घेऊन परत आले आणि मागचा खंडही मागू लागले. १९५९च्या दहाव्या कायद्यानं फिरती लष्करी न्यायालयं आणली आणि त्यांच्यापाठोपाठ गावांतून गिलोटिन फिरलं. हनोईतल्या कम्युनिस्ट पक्षनेतृत्वाला या काळात युद्ध नको होतं. उत्तर उभी करायची होती. दक्षिणेतले कार्यकर्ते मरत होते आणि परवानगी मागत होते. जानेवारी १९५९मध्ये ती मिळाली. वर्षभरानं बेन त्रे प्रांतात न्गुयेन थी दिन्ह या बाईंच्या पुढाकारानं उठाव झाला, त्यात लाकडाच्या खोट्या बंदुकाही होत्या.

दक्षिणेतलं बंड म्हणजे उत्तरेचं कारस्थान, असं वॉशिंग्टन म्हणत राहिलं. ते दक्षिणेच्या जनतेचं उत्स्फूर्त आंदोलन, असं हनोई म्हणत राहिली. खरं सांगायचं तर राग दक्षिणेचा होता आणि आराखडा उत्तरेचा. २० डिसेंबर १९६०ला ताय निन्ह प्रांतात, कंबोडियाच्या सीमेजवळच्या झाडीत, राष्ट्रीय मुक्ती आघाडी जन्माला आली तेव्हा या दोघांची गाठ पडली.

आघाडीच्या दहा कलमी कार्यक्रमात जो देश रंगवला होता तो वाचण्यासारखा आहे. त्यात वर्गसंघर्ष नाही. समाजवाद हे ध्येय म्हणून कुठे आलेलं नाही. आहे ते संमिश्र सरकार, भाषण-वृत्तपत्र-संघटना यांचं स्वातंत्र्य, खंडात कपात, जमीनदारांकडून विकत घेऊन जमिनीचं वाटप, देशी उद्योगांना संरक्षण, परदेशी लष्करी तळांना बंदी, कुठल्याही गटात न जाणारं परराष्ट्रधोरण. आणि उत्तरेशी एकीकरण? होणार, पण पायरीपायरीनं, वाटाघाटींतून. सायगॉनमधला दुकानदार, बौद्ध भिक्खू, काओ दाई पंथाचा माणूस, फ्रान्समध्ये शिकून आलेला डॉक्टर यांतल्या कुणालाही हा कागद वाचून दचकायला होऊ नये, इतक्या काळजीनं तो लिहिलेला होता. लिहिणाऱ्यांना समाजवादच हवा होता. त्यांनी तो कागदावर आणला नाही.

माणसंही तशीच शोधली. आघाडीचे अध्यक्ष न्गुयेन हू थो हे सायगॉनलगतच्या चोलोनमध्ये जन्मलेले, फ्रान्समध्ये शिकलेले वकील. १९५०मध्ये सायगॉन बंदरात आलेल्या अमेरिकी जहाजांविरुद्धच्या निदर्शनांत ते पुढे होते. आघाडी स्थापन झाली तेव्हा ते मध्य किनाऱ्यावरच्या तुय होआ गावी नजरकैदेत होते. त्यांना सोडवून आणल्यावर मग अध्यक्षपद भरलं. हंगामी सरकारचे पंतप्रधान हुइन्ह तान फात वास्तुविशारद. हनोईच्या इंडोचायना कलाविद्यालयातून पदवी घेऊन सायगॉनमध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला होता. न्यायमंत्री त्रुओंग न्हू तांग हे सायगॉनच्या साखर कंपनीचे बडे संचालक. पॅरिसला शिकताना १९४६मध्ये हो चि मिन्हना भेटले आणि जन्माचे त्यांच्या प्रभावाखाली गेले. उपआरोग्यमंत्री दुओंग क्विन्ह होआ या पॅरिसला वैद्यक शिकलेल्या बालरोगतज्ज्ञ, सायगॉनच्या वरच्या वर्तुळातल्या.

आणि संस्कृती-माहिती खात्याचे मंत्री लुउ हू फुओक. हे संगीतकार. आघाडीचं राष्ट्रगीत त्यांनी मित्रांसोबत टोपणनावानं रचलं. त्यांनीच तरुणपणी, १९४०च्या आसपास, विद्यार्थ्यांसाठी एक कूचगीत बांधलं होतं. शब्द बदलून सायगॉन सरकारनं तेच आपलं राष्ट्रगीत केलं. म्हणजे यादवीतले दोन्ही बाजूंचे दक्षिणी सैनिक सावधान उभे राहायचे ते एकाच माणसाच्या चालीवर. संगीतकारानं तक्रार केली, हनोईच्या नभोवाणीवरून निषेध झाला. सायगॉननं चाल काही सोडली नाही.

या मंडळींपैकी कोण काय जाणत होतं, हा प्रश्न इथे येतोच. फात १९४०पासून पक्षात होते. पॅरिसमध्ये जगाला दिसलेल्या न्गुयेन थी बिन्ह १९४८पासून. लष्करी हुकूम निघत होते ते पक्षाच्या दक्षिण विभागाच्या केंद्रीय कार्यालयातून, आणि १९६७पासून तिथे बसले होते पॉलिटब्युरोचे फाम हुंग, ज्यांचं नाव कुठल्याही मंत्रिमंडळाच्या यादीत नव्हतं. दुसरीकडे तांग यांच्यासारखे लोक, किंवा शहरांवरच्या १९६८च्या तेत हल्ल्यानंतर शहरी मध्यमवर्गाची वेगळी आघाडी काढणारे ज्येष्ठ वकील त्रिन्ह दिन्ह थाओ, हे पक्षाचे नव्हते. पक्षाचं वजन त्यांना ठाऊक होतं. पण युद्ध संपल्यावर दक्षिणेला तिच्या चालीनं चालू देतील, निदान काही वर्षं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना भोळं म्हणणं सोपं आहे. समोर झिएम आणि नंतरचे जनरल, वरून अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं, हे पर्याय पाहता दहा कलमी कागद बराच शहाणा दिसत होता. मला तर वाटतं, फसवणूक हा शब्द इथे अपुरा पडतो. कागद लिहिणाऱ्यांना तो लागत होता, सही करणाऱ्यांना तो खरा व्हायला हवा होता, आणि युद्ध चालू असेपर्यंत या दोन गरजा एकाच जंगलात गुण्यागोविंदानं नांदू शकल्या.

तेत हल्ल्यानं आणखी एक गोष्ट केली. जानेवारी १९६८च्या अखेरीस शहरांत घुसलेले सैनिक मोठ्या प्रमाणात दक्षिणेतलेच होते, आणि ते मोठ्या प्रमाणात मेले. नंतरच्या तुकड्यांत उत्तरेहून आलेली मुलं वाढत गेली. म्हणजे जून १९६९मध्ये जेव्हा दक्षिणेचं म्हणून सरकार जाहीर झालं, तेव्हा त्याच्या सैन्यातली दक्षिण आटत चालली होती. या तारखा शेजारी ठेवल्या की सरकार स्थापण्याची घाई समजते. पॅरिसमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. तिथे आघाडी म्हणून बसण्यापेक्षा सरकार म्हणून बसलेलं बरं.

मंत्रिमंडळ म्हणजे काय होतं ते तांग यांनी नंतर आठवणींत सविस्तर लिहिलं. काळ्या पायजम्यांचे दोन जोड, झोळीचा पाळणा, मच्छरदाणी, पावसाला पातळ नायलॉनचा तुकडा, महिन्याचा तांदूळ. न्यायमंत्र्याला हिवताप, अर्थमंत्र्याला हिवताप. बी-५२ येताहेत असा निरोप समुद्रावरच्या रशियन जहाजांकडून फिरून फिरून यायचा, मग फायली उचलून पळायचं. दुओंग क्विन्ह होआ यांचं लहानगं मूल या जंगलातच मेंदूज्वरानं गेलं. सोव्हिएत संघ, चीन, क्यूबा, अल्जीरिया यांनी पाठोपाठ मान्यता दिली. क्यूबानं तर राजदूतच धाडला, आणि त्यानं आपली अधिकारपत्रं झाडाखाली सादर केली.

या देशाला चेहरा मिळाला तो मात्र पॅरिसमध्ये.

तिथलं टेबल प्रसिद्ध आहे. चर्चेत चार पक्ष आहेत असं हनोई म्हणायची. दोनच बाजू आहेत असं सायगॉन. आघाडीला वेगळी बाजू मिळाली की तिला देश मानल्यासारखं होईल, ही भीती. नोव्हेंबर १९६८पासून जानेवारीपर्यंत टेबलाच्या आकारावर घोळ चालला, युद्ध चालू होतंच. शेवटी ठरलं ते असं: एक मोठं गोल टेबल, त्याला ना कोपरे ना बाजू, आणि त्याच्यापासून बरोबर ४५ सेंटिमीटर अंतरावर, समोरासमोर, टिपणं घेणाऱ्यांसाठी दोन आयताकृती टेबलं. झेंडे नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत. गोल टेबलाकडे पाहून हनोईनं चार मोजावेत, सायगॉननं दोन.

त्या टेबलाशी बसल्या न्गुयेन थी बिन्ह. पहिल्यांदा आल्या तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या. जून १९६९पासून परराष्ट्रमंत्री. फ्रेंचांना घाम फोडणारे सुधारक फान चाऊ त्रिन्ह यांची ही नात. फ्रेंचांच्या चि होआ तुरुंगात तिनं १९५१ ते १९५३ काढली होती, आणि फ्रेंच ती फ्रेंचांसारखंच बोलायची. पॅरिसबाहेर व्हेरिएर-ल-ब्विसोंमध्ये शिष्टमंडळाचं बिऱ्हाड होतं. युरोपातल्या वार्ताहरांनी तिचा आओ दाई, तिचा गळपट्टा, तिचं हसू यांवर रकाने भरले. तिनं ते भरू दिले आणि मधल्या जागेत आपले मुद्दे ठेवले. लंडन-पॅरिसच्या मोर्च्यांत अर्धा लाल, अर्धा निळा, मध्ये पिवळा तारा असा झेंडा दिसू लागला. तो हनोईचा नव्हे, या देशाचा.

महाराष्ट्रात ज्याच्याकडे म्हणून मोबाइल आहे त्याला व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी एक गोष्ट आलेली असते. व्हिएतनामच्या महिला परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, राजघाट-लाल किल्ला पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, शिवाजी महाराजांची समाधी कुठे आहे? मग रायगडावर जाऊन त्यांनी चिमूटभर माती उचलली आणि मायदेशी नेली. गोष्टीला कागदोपत्री आधार नाही आणि ती आवडणाऱ्यांना तो नकोही असतो. पण त्यातला एक तपशील मजेशीर आहे. एकीकरणानंतरच्या व्हिएतनामला आजवर महिला परराष्ट्रमंत्री मिळालेली नाही. उत्तर व्हिएतनामलाही नव्हती. त्या नावाच्या पदावर बसलेली बाई एकच, बिन्ह. १९७०मध्ये त्या दिल्लीला येऊन गेल्या होत्या आणि सायगॉन सरकारला ते चांगलंच झोंबलं होतं. तेव्हा रायगडची माती कुणी नेलीच असेल, तर ज्या देशात ती नेली तो देश १९७६मध्येच नकाशावरून गेला.

२७ जानेवारी १९७३ला करारावर सह्या झाल्या. सायगॉनला हंगामी सरकारचं नाव असलेल्या कागदावर सही करायची नव्हती. म्हणून सकाळी चौघांनी सही केली त्या मसुद्यात नावंच नव्हती, फक्त ‘पक्ष’. अमेरिका आणि सायगॉनच्या सह्या एका पानावर, हनोई आणि बिन्ह यांच्या दुसऱ्या. दुपारी नावं घातलेल्या मसुद्यावर फक्त अमेरिका आणि हनोईनं सह्या केल्या. बाराव्या कलमात राष्ट्रीय समेट परिषद होती: सायगॉन, हंगामी सरकार आणि तिसरी शक्ती, समान वाटा. ही तिसरी शक्ती म्हणजे सायगॉनमधले ते सगळे, ज्यांना दोन्हीकडचे नको होते. परिषद कधी बसलीच नाही. सायगॉनचा राष्ट्राध्यक्ष थिएव याला ती नको होती, आणि हनोईलाही तिच्यावाचून अडत नव्हतं. नव्या देखरेख आयोगात भारत नव्हता. त्याआधीच, आपण हनोईतलं कार्यालय दूतावासाच्या दर्जाचं केल्यावर, सायगॉननं भारतीय अध्यक्षांची अडवणूक केली होती.

पुढची दोन वर्षं या देशाच्या आयुष्यातली सगळ्यात विचित्र आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगली. रबराच्या मळ्यांतलं लोक निन्ह हे गाव एप्रिल १९७२पासून हाती होतं. दक्षिणेत तिथून कारभार चाले. उत्तरेच्या टोकाला क्वांग त्रीतल्या काम लो इथे परदेशी पाहुण्यांसाठी दुसरं मुख्यालय उभं राहिलं. सप्टेंबर १९७३मध्ये फिडेल कॅस्ट्रो तिथवर आले. आणि खुद्द सायगॉनमध्ये, तान सोन न्युत विमानतळाच्या आवारातल्या कॅम्प डेव्हिस नावाच्या जुन्या अमेरिकी छावणीत, शत्रूच्या सैन्यानं वेढलेलं या सरकारचं लष्करी शिष्टमंडळ दोन वर्षं राहिलं. दर शनिवारी ते पत्रकार परिषद घ्यायचं. पत्रकार बसनं यायचे, चहा-सिगारेट घ्यायचे, थिएव सरकारवरचे आरोप लिहून घ्यायचे आणि थिएव सरकारच्या पहाऱ्यातून परत जायचे. कुठल्याही सरकारला शत्रूच्या राजधानीत इतकी नियमित वार्ताहर बैठक मिळालेली नसेल.

मग ३० एप्रिल उजाडला. ३९० क्रमांकाच्या रणगाड्यानं सायगॉनमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याचं फाटक पाडलं आणि ८४३ क्रमांकाच्या रणगाड्यावरच्या अधिकाऱ्यानं गच्चीवर झेंडा चढवला. अर्धा लाल, अर्धा निळा. रणगाडे उत्तरेच्या सैन्याचे, तरी झेंडा दक्षिणेच्या प्रजासत्ताकाचा, कारण जिंकलं होतं ते कायद्यानं याच प्रजासत्ताकानं.

पंधरा दिवसांनी विजयसंचलन झालं. न्यायमंत्री तांग व्यासपीठावर होते. एकेक तुकडी पुढून जात होती आणि दोन रंगांचा झेंडा त्यांना दिसेना. आघाडीच्या तुकड्यासुद्धा हनोईच्या झेंड्यामागून चालत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या जनरल वान तिएन झुंग यांना त्यांनी आपल्या डिव्हिजन कुठे आहेत असं विचारलं. सैन्याचं एकीकरण होऊन गेलंय, असं उत्तर मिळालं. मंत्र्याला ही बातमी जनरलकडून, रस्त्यावर, समारंभ चालू असताना कळली.

जूनमध्ये जुन्या राजवटीच्या अधिकाऱ्यांना फेरशिक्षणासाठी हजर राहण्याचा हुकूम निघाला. मोठ्यांनी तीस दिवसांचं जेवणखाण घेऊन यावं, कनिष्ठांनी दहा दिवसांचं. लोकांनी हिशेब केला आणि गेले. तांग यांचे दोन सख्खे भाऊ त्यात होते. महिना गेला, भाऊ आले नाहीत. हुकुमात तीस दिवसांचं अन्न लिहिलं होतं, तीस दिवसांनी सोडू असं कुठेच नव्हतं. न्यायमंत्र्याला आपल्याच देशात कोण कुठे का डांबलंय हे विचारायची सोय नव्हती, मग इतरांचं काय? कित्येकांची वर्षं त्या छावण्यांत गेली.

या देशानं देशासारखी केलेली एक मोठी गोष्ट म्हणजे चलन. २२ सप्टेंबर १९७५ला एका दिवसात जुन्या नोटा रद्द. पाचशे जुन्या दोंगला एक नवा. एका कुटुंबाला एक लाख जुन्यांपर्यंतच बदलून मिळणार. निश्चलनीकरणाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या वाचकाला त्या दिवसाची कल्पना वेगळी द्यायला नको. नव्या नोटांवर छापलेलं साल होतं १९६६. म्हणजे देश जाहीर होण्याच्या तीन वर्षं आधीच त्याच्या नोटा तयार होत्या आणि गठ्ठ्यांत वाट पाहत होत्या. कल्पनेतल्या राज्याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही. तो दोंग १९७८पर्यंत चालला, आणि विलीन होताना उत्तरेच्या दोंगपेक्षा भाव खाऊन गेला: नव्या एका दोंगला उत्तरेचा एक, दक्षिणेचा ०.८.

नोव्हेंबर १९७५मध्ये सायगॉनला एकीकरणाची परिषद भरली. उत्तरेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख त्रुओंग चिन्ह, पॉलिटब्युरोचे. दक्षिणेचे फाम हुंग, तेही पॉलिटब्युरोचे. अशी वाटाघाट किती वेळ चालणार? पॅरिस कराराच्या पंधराव्या कलमातलं पायरीपायरीचं एकीकरण जेमतेम आठवड्यात उरकलं. २५ एप्रिल १९७६ला ४९२ जागांची निवडणूक, २ जुलैला व्हिएतनाम समाजवादी प्रजासत्ताक. सायगॉनचं त्याच दिवशी हो चि मिन्ह नगर झालं. आघाडी १९७७च्या आरंभी पितृभूमी आघाडीत विरघळली.

नेत्यांची सोय लावण्यात आली. थो उपराष्ट्राध्यक्ष, फात उपपंतप्रधान, बिन्ह शिक्षणमंत्री. पुढे १९९२ ते २००२ त्याही उपराष्ट्राध्यक्ष होत्या. होआ यांनी थोड्याच वर्षांत पक्ष सोडला आणि युद्धात फवारलेल्या डायॉक्सिनचा मुलांवर काय परिणाम होतो या कामाला स्वतःला वाहून घेतलं. तांग १९७८मध्ये बोटीतून पळाले, त्याच समुद्रावरून ज्यावरून जुन्या राजवटीचे लोक पळत होते.

दक्षिणेचं वेगळं चालणं मात्र कागदानं संपलं नाही. मार्च १९७८मध्ये चोलोनच्या व्यापाऱ्यांवर धाडी पडल्या, खासगी व्यापार बंद झाला. मेकाँगच्या खोऱ्यातला शेतकरी सामूहिक शेतीत जायला राजी नव्हता आणि सरकारी भावानं भात विकायलाही. देशाचं भाताचं कोठार शेजारी असून हो चि मिन्ह नगरात लोक ज्वारीसारख्या भरड धान्यावर आले. तेव्हा शहराचे पक्षसचिव वो वान किएत आणि अन्नधान्य कंपनीच्या बा थी नावाच्या बाईंनी थेट खोऱ्यात जाऊन बाजारभावानं, म्हणजे सरकारी दराच्या चार-पाच पट पैसे मोजून, तांदूळ आणायला सुरुवात केली. हे बेकायदा होतं. तुरुंगात गेलीस तर भात मी पोचवीन, असं किएतनी बाईंना सांगितलं म्हणे. १९८६च्या दोई मोईची, म्हणजे खुल्या धोरणाची, सुरुवात पुस्तकांत कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनाच्या ठरावापासून होते. तांदळाच्या या ट्रकांपासून केली तरी चालेल. किएत पुढे देशाचे पंतप्रधान झाले. दहा कलमांतला देशी उद्योगांना संरक्षणाचा भाग असा आडवाटेनं, पंचवीस वर्षं उशिरा, हनोईच्याच धोरणात आला.

झेंड्याचं तसं झालं नाही. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर शहरानं २००३मध्ये जुन्या सायगॉनच्या पिवळ्या, तीन लाल पट्ट्यांच्या झेंड्याला अधिकृत मान दिला. पळून गेलेल्यांची नातवंडं तो लावतात. हनोईचा लाल झेंडा, आता साऱ्या देशाचा, फुटबॉलच्या प्रत्येक विजयानंतर हनोई-सायगॉनच्या रस्त्यांवर असतो. लाल-निळा संग्रहालयांत आणि ३० एप्रिलच्या सजावटीत. पंतप्रधान फात आणि अध्यक्ष थो यांच्या नावांचे दोन मोठे रस्ते सायगॉनच्या दक्षिणेला पूर्वीच्या सातव्या जिल्ह्यात आहेत, आणि थो यांच्या रस्त्यालगत महागडी घरं आहेत.

दहा कलमांतला दुसरा भाग मागायला काही म्हातारे पुढे आले होते. १९८६मध्ये सायगॉनमध्ये जुन्या प्रतिकारसैनिकांचा एक क्लब निघाला. कामगार चळवळीतले न्गुयेन हो त्याचे पुढारी. तेत हल्ल्यातले सेनानी त्रान वान त्रा त्यात होते, ज्यांचं युद्धावरचं पुस्तक १९८२मध्ये बाजारातून उचललं गेलं होतं. पक्षात आणि युद्धात जन्म घालवलेली ही माणसं, त्यांना देशद्रोही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी भ्रष्ट अधिकाऱ्यांची नावं घेतली, खुल्या निवडणुकीची आणि छापण्याच्या मोकळिकीची मागणी केली आणि परवानगीची वाट न पाहता स्वतःचं नियतकालिक काढलं. त्यावर बंदी आली. १९९०मध्ये क्लबच्या जागी सरकारमान्य माजी सैनिक संघटना उभी करण्यात आली, आणि न्गुयेन हो यांना नजरकैदेत ठेवलं.